चवथ ते नाताळ: युरिक आम्ल मोजणाऱ्या घरगुती यंत्राचा पाच महिन्यांचा अनुभव

गेल्या श्रावणात मी बोटाच्या रक्तावरून युरिक आम्ल मोजणारे एक लहानसे यंत्र विकत घेतले आणि चवथ (गणेशचतुर्थी), दिवाळी, तुळशीचे लग्न, जत्रा आणि नाताळ हा खाण्यापिण्याचा सगळा हंगाम त्याच्या सोबतीने काढला. ज्या हेतूने ते घेतले होते त्या हेतूसाठी ते जवळपास निरुपयोगी ठरले, आणि ज्या गोष्टीसाठी ते खरोखर उपयोगी पडले ती गोष्ट खरेदीच्या वेळी माझ्या डोक्यातही नव्हती. या प्रकारची यंत्रे अनेक कंपन्यांची मिळतात, त्यांची रचना साधारण सारखी असते आणि माझ्या तक्रारी कोणा एका कंपनीपेक्षा या प्रकाराविषयीच अधिक आहेत. म्हणून कंपनीचे नाव येथे देत नाही.

मला गाऊटचा त्रास सहा वर्षांपासून आहे. ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रक्तातील युरिक आम्ल ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर राहू लागले की त्याचे क्षार पुरते विरघळून राहत नाहीत. सांध्यांमध्ये, त्यातही पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात, सुईसारखे स्फटिक वर्षानुवर्षे साचत जातात, आणि एखाद्या रात्री शरीराची संरक्षक यंत्रणा त्या स्फटिकांवर तुटून पडली की अंगठा लालभडक होऊन सुजतो. चादरीचा स्पर्शही सहन होत नाही असे जे म्हणतात, त्यात अतिशयोक्ती नाही. माझा पहिला झटका चवथीनंतरच्या आठवड्यात आला आणि पुढचे दोन नाताळ व नव्या वर्षाच्या दरम्यान आले, त्यामुळे आमच्या घरात त्याला 'सणाचे दुखणे' असेच नाव पडले आहे.

माझा हेतू साधा होता. मधुमेही माणूस जेवणानंतर साखर तपासतो, त्याप्रमाणे मी तिसऱ्या (शिंपले) खाल्ल्यावर युरिक आम्ल तपासीन, कोणत्या पदार्थाने आकडा किती चढतो याची वही ठेवीन आणि सणासुदीला काय टाळायचे ते त्या वहीवरून ठरवीन, असा बेत होता. पत्नीचे म्हणणे असे की वहीची गरज नाही, यादी तिला तोंडपाठ आहे.

यंत्र, पंचवीस पट्ट्यांची डबी, टोचणी आणि तिच्या सुया मिळून तीन हजारांच्या थोडे वर मोजावे लागले. खरा खर्च पुढे पट्ट्यांचा असतो. साखरेच्या पट्टीपेक्षा ही पट्टी बरीच महाग पडते आणि आमच्या फोंड्यातील बहुतेक फार्मसींमध्ये ती ठेवलेली नसते, मागवावी लागते. वापर सोपा आहे. पट्ट्यांच्या प्रत्येक डबीसोबत येणारी चिप यंत्रात बसवायची, पट्टी खोचायची, बोटाच्या कडेला टोचून आलेला पहिला थेंब कापसाने पुसायचा आणि दुसरा थेंब पट्टीच्या टोकाला लावायचा. पाव मिनिटाच्या आत आकडा उमटतो. बोट धुतल्यावर ते पूर्ण कोरडे करणे आवश्यक आहे, आणि थेंब येत नाही म्हणून बोट पिळू नये, कारण पिळल्याने रक्तात ऊतींमधले पाणी मिसळते आणि आकडा चुकतो.

पहिल्या दिवशी पडद्यावर ०.५० हा आकडा आला आणि क्षणभर मला वाटले की आपण बरेच झालो. वास्तविक यंत्र मिलिमोल या एककावर लावलेले होते, आणि तो आकडा आपल्याकडील प्रयोगशाळांच्या भाषेत ८.४ मिलिग्रॅम होतो. एकक बदलण्याची सोय माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, चष्मा लावूनही वाचता येऊ नये अशा अक्षरात दिली होती. ज्या वयाच्या लोकांना हे दुखणे प्रामुख्याने होते, त्या वयाच्या माणसाला हे माहितीपत्रक एकदा वाचायला देऊन पाहावे, इतकीच कंपन्यांना विनंती आहे.

दुसरी अडचण आपल्या हवेची. आषाढ-श्रावणात गोव्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते आणि कपाटातील कातडी पट्ट्याला बुरशी येते. या चाचणीपट्ट्यांचा मूळ शत्रू नेमका तो ओलावा आहे. डबीच्या झाकणातच ओल शोषणारी भुकटी असते, म्हणून पट्टी काढल्याबरोबर झाकण घट्ट लावायचे असते. एकदा देवघरातून हाक आली म्हणून मी डबी स्वयंपाकघराच्या फळीवर अर्धवट उघडी ठेवून गेलो आणि तासाभराने परतलो. पुढच्या दोन पट्ट्यांवर यंत्राने नुसती चूक दाखवली आणि तिसरीवर ३.९ असा आकडा दिला, जो माझ्या रक्ताचा गेल्या सहा वर्षांत कधी नव्हता. तेव्हापासून डबी स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, कपड्यांच्या कपाटात राहते. फ्रीजमध्ये ठेवू नये. बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरते. डबी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी लागते, कारण उघडल्यानंतर माझ्या पट्ट्यांची मुदत तीनच महिन्यांची होती.

आकड्यांच्या खरेपणाविषयी: एकाच सकाळी उपाशीपोटी यंत्राने ८.४ दाखवले आणि प्रयोगशाळेने ७.९. नंतर दोनदा अशीच तुलना केली आणि दोन्ही वेळा यंत्र अर्ध्या अंकाच्या आसपास पुढेच होते. रक्त जाड-पातळ असण्याने आणि क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्यांनीही या पट्ट्या फसतात. म्हणून यंत्राचा एकटा आकडा घेऊन डॉक्टरांशी वाद घालू नये. त्याच यंत्रावर, त्याच वेळी, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या आकड्यांची चढउतार मात्र विश्वासार्ह वाटते.

आता चवथीकडे येतो. आमच्याकडे गणपती पाच दिवस असतो आणि ते पाचही दिवस घरात मासळी शिजत नाही. खतखते, मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची आमटी), अळूची भाजी, पातोळ्या, नेवऱ्या, मोदक असा सगळा शाकाहारी थाट असतो. माझा अंदाज असा होता की विसर्जनाच्या सकाळी आकडा चांगला उतरलेला दिसेल. दिसला ८.७. हा फरक यंत्राच्या चुकीच्या मर्यादेतला आहे हे मान्य, परंतु पाच दिवसांच्या कडक शाकाहारानेही तो खाली आला नाही, याचे मला नवल वाटले. डॉक्टरांनी हसून दोन गोष्टी समजावल्या. शरीरातील युरिक आम्लाचा मोठा भाग आपल्याच पेशींच्या मोडतोडीतून येतो, ताटातून येणारा वाटा साधारण एक तृतीयांश असतो, आणि बहुतेक रुग्णांमध्ये मूळ बिघाड मूत्रपिंडातून ते पुरेसे बाहेर न टाकले जाण्याचा असतो. दुसरे असे की मी मासळी सोडली होती, गोड सोडले नव्हते. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो आणि यकृतात तो मोडताना युरिक आम्ल तयार होते. पाहुण्यांसाठी आणलेली शीतपेये आणि डबाबंद फळरस मीही दिवसाला तीन-चार पेले रिचवले होते. नेवरीला दोष देण्याची माझी इच्छा नाही, एका नेवरीने कोणाचा अंगठा सुजत नाही. पण शीतपेयाच्या बाटल्यांची गोष्ट वेगळी आहे. साखर न घातलेले कोकमाचे पाणी किंवा सोलकढी त्या जागी सहज चालली असती.

येथे मुगागाठीची बाजू घेणे मला कर्तव्य वाटते. गाऊट म्हणताच आपल्याकडे डाळी, कडधान्ये, पालक आणि पावसाळ्यातली अळमी (अळंबी) यांवर प्रथम गदा येते. अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांचा बारा वर्षे मागोवा घेणारा जो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, त्यात मांस आणि समुद्री मासळी अधिक खाणाऱ्यांमध्ये गाऊट अधिक आढळला, मात्र प्युरीन (जे शरीरात मोडून युरिक आम्ल होते ते द्रव्य) अधिक असलेल्या भाज्या खाणाऱ्यांमध्ये तो वाढलेला दिसला नाही, आणि दूध-दही घेणाऱ्यांमध्ये कमी दिसला. तेव्हा अळसांद्याचे (चवळीचे) तोणाक खुशाल खावे. उपासाच्या बाबतीत मात्र जपावे. अन्नपाणी दोन्ही सोडणाऱ्या कडक उपासात शरीर चरबी जाळू लागते, त्यातून निघणारी द्रव्ये मूत्रपिंडात युरिक आम्लाची वाट अडवतात, आणि वर पाणीही पोटात नसते.

सहाव्या दिवशी दुपारी घरात बांगड्यांचे हुमण, तळलेली सुंगटे आणि तिसऱ्यांचे सुके झाले, आणि संध्याकाळी मेहुणे बिअर घेऊन आले. पाच दिवसांच्या विरहानंतर मासळीचे जेवण कसे होते ते गोवेकराला सांगायला नको. रात्री दोन वाजता उजव्या अंगठ्याने जागे केले. दिवा लावून, पलंगावरच बसून, मी बोट टोचले, आणि आकडा आला ६.५, म्हणजे ओल लागलेल्या पट्टीचा ३.९ सोडला तर यंत्र घेतल्यापासूनचा सर्वांत कमी. विसर्जनाच्या मिरवणुकीत पाय मुरगळला असणार, गाऊट असता तर आकडा नऊच्या वर गेला असता, असा तर्क करून मी डॉक्टरांनी झटक्यासाठी लिहून ठेवलेली कोल्चिसिनची गोळी घेतली नाही. दुपारपर्यंत पाऊल टेकता येईना.

या यंत्राविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही: झटका चालू असताना अनेक रुग्णांत रक्तातील युरिक आम्ल खाली येते, अगदी सामान्य पातळीवरही दिसते, कारण त्या दाहाच्या काळात ते लघवीतून जास्त बाहेर पडते. त्या रात्रीचा आकडा झटका नसल्याचा पुरावा होऊ शकत नाही. खरी पातळी कळण्यासाठी झटका ओसरल्यावर दोन आठवडे थांबून पुन्हा तपासावे लागते. मी तसे केले तेव्हा ८.३ आले. माहितीपत्रकात याचा एका ओळीचाही उल्लेख नाही, आणि माझ्या दृष्टीने हा या वस्तूचा सर्वांत मोठा दोष आहे. झटक्यावरचे औषध जितके लवकर घ्यावे तितके ते चांगले लागू पडते, आणि यंत्रावर विसंबून मी नेमके तेच तास वाया घालवले.

कोल्चिसिनचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. हे द्रव्य ज्या वनस्पतींमध्ये असते त्यांत आपली कळलावीही आहे. चवथीच्या सुमारास कुंपणावर चढून लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते तीच. त्यावरून एका नातेवाइकाने तिचा कंद उगाळून लावण्याचा आणि थोडा पोटात घेण्याचा सल्ला दिला. तो कंद जहरी आहे आणि त्याने माणसे दगावली आहेत. गोळीतल्या कोल्चिसिनचेही औषध आणि विष यांत अंतर थोडेच असते, जुलाब ही तिची पहिली सूचना असते, काही प्रतिजैविकांबरोबर ती धोकादायक ठरते. मग कंदात किती मात्रा आहे हे सहाणेवर कोण मोजणार?

झटका ओसरल्यावर डॉक्टरांनी मूत्रपिंडाची तपासणी करून युरिक आम्ल उतरवणारे अॅलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅमपासून सुरू केले, मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवली आणि पहिल्या काही महिन्यांसाठी लहान मात्रेत कोल्चिसिन जोडीला दिले, कारण साचलेले स्फटिक विरघळू लागतात तेव्हा सुरुवातीला झटके येऊ शकतात. अंगावर पुरळ दिसताच गोळी थांबवून भेटायला यावे, असे त्यांनी दोनदा बजावले. लक्ष्य सहाच्या खाली. रक्तदाबासाठी मी लघवी वाढवणारी गोळी घेत होतो, ती युरिक आम्ल वाढवते म्हणून तीही त्यांनी बदलली. सहा वर्षे मी तिसऱ्यांना शिव्या देत होतो आणि रोज सकाळी ती गोळी निमूटपणे गिळत होतो.

यंत्राचा खरा उपयोग येथून सुरू झाला. दिवाळीला ७.४ आले. नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्याकडे दुधातले, दह्यातले, रोसातले, गुळाचे आणि बटाट्याचे असे पाच प्रकारचे फोव (पोहे) होतात, आणि गाऊटच्या दृष्टीने त्यांत भिण्यासारखे फारसे काही नाही, फक्त गुळाच्या फोवांवर हात आखडता घ्यावा. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास ६.८, आणि मधे अंगठ्याला एक हलकीशी ठणक, जी दोन दिवसांत गेली. पुढे जत्रेच्या निमित्ताने आम्ही नातेवाइकांकडे आठ दिवस राहिलो आणि गोळ्या घरीच राहिल्या. तेथे खाजे सोडले तर मी पथ्याबाहेरचे काही खाल्ले नव्हते, एक थेंबही प्यालो नव्हतो, आणि तरीही परतल्यावर यंत्रावर ७.६ उमटले. पंधरवडाभर नियमाने गोळी घेतल्यावर ६.४ आणि डिसेंबरच्या मध्यावर ५.९, प्रयोगशाळेचा अहवाल ५.४. ही पाच आकड्यांची ओळ माझ्या वहीत आहे, आणि तिने मला जे पटवले ते डॉक्टरांना सहा वर्षांत पटवता आले नव्हते: पथ्याने हा आकडा एखाद्या अंकाने हलतो, गोळीने तो घर बदलतो. जेवणानंतर तपासण्याची वही मी सप्टेंबरातच बंद केली होती, कारण इसवणाच्या (सुरमईच्या) तुकडीनंतर आणि वरणभातानंतर येणाऱ्या आकड्यांत यंत्राच्या चुकीपेक्षा मोठा फरक कधी दिसलाच नाही.

याचा अर्थ सणाचे जेवण निरुपद्रवी असते असा नाही. दोन दिवस लागोपाठ प्युरीनयुक्त पदार्थ पोटात गेले की आधीच स्फटिक साचलेल्या माणसाला झटक्याचा धोका कितीतरी वाढतो, आणि दारूचा परिणाम तर चोवीस तासांतच दिसू शकतो. बिअर दुहेरी मारते, कारण तिच्यात प्युरीन असते आणि मद्यार्कही. फेणीवाल्यांचा असा दावा असतो की ती ऊर्ध्वपातित असल्याने तिच्यात प्युरीन नसते. ते बरोबर आहे, पण ४२ टक्क्यांच्या आसपासचा मद्यार्क असतो, तो शरीरात मोडताना युरिक आम्लाची निर्मिती वाढवतो आणि त्याचा निचराही अडवतो.

नाताळच्या दुपारी शेजाऱ्यांकडे आम्ही दरवर्षी जातो. टेबलावर सोरपोतेल होते, ज्यात डुकराच्या मांसाबरोबर काळीजही बारीक चिरून घालतात, आणि काळजात प्युरीन भरपूर. मी दोन चमचे घेतले. ग्लास पुढे आला तेव्हा मी हात आडवा धरला, तर शेजारी म्हणाले, "मास्तर, नाताळ वर्षाला एकदाच येतो." मी म्हटले, "बाब, चवथही एकदाच येते." त्यांना माझा सप्टेंबरचा अंगठा आठवला असावा, त्यांनी ग्लास मागे घेऊन पाण्याचा तांब्या पुढे केला आणि बिबिंकेचा (अंडी-साखरेच्या थरांच्या केकचा) मोठा तुकडा ताटलीत ठेवला. अंड्यांत प्युरीन अगदी कमी असते, बिबिंकेतली अडचण साखरेची, म्हणून अर्धा तुकडा मी पत्नीकडे सरकवला. नव्या वर्षाचा आठवडा सहा वर्षांत दुसऱ्यांदाच शांतपणे गेला. त्याचे श्रेय गोळीचे किती, पाण्याच्या तांब्याचे किती आणि निव्वळ दैवाचे किती, हे मोजणारे यंत्र माझ्याकडे नाही.

खरेदी कोणी करावी याबद्दल माझे मत असे. ज्यांना एखादाच झटका येऊन गेला आहे, किंवा ज्यांना ताटातील प्रत्येक पदार्थाला गुण द्यायचे आहेत, त्यांनी हे पैसे वाचवावेत; वर्षातून दोन-तीनदा प्रयोगशाळेत रक्त दिले तरी त्यांचे काम भागते. ज्यांनी युरिक आम्ल उतरवणारे औषध नव्याने सुरू केले आहे, ज्यांची मात्रा अजून ठरायची आहे, किंवा ज्यांची गोळी माझ्यासारखी जत्रेत विसरते, त्यांना महिन्यातून दोनदा घरी बसून आकडा पाहण्याचा फायदा होईल. पहिल्याच आठवड्यात प्रयोगशाळेशी एकदा तुलना करून आपल्या यंत्राची खोड ओळखून घ्यावी, आणि पट्ट्या पंचवीसच्या ऐवजी दहाच्या डबीत मिळत असतील तर तीच घ्यावी. माझ्या पहिल्या डबीतील आठ पट्ट्या मुदत संपल्याने टाकाव्या लागल्या.

दुसरी डबी दहाची घेतली आहे. तिच्यावर पत्नीने शाईने तारीख लिहिली आहे, आत सहा पट्ट्या आहेत, आणि मुदत संपते ती उराक (काजूच्या रसाची हलकी दारू) बाजारात येण्याच्या थोडी आधी.